कमीत कमी नाराजीचा निकाल : बेरजेचा घोळ

मतदार उमेदवारांचा पसंतीक्रम लावतात, तेव्हा त्यातून एक निकाल कसा काढायचा? १७७० साली पॅरिसमध्ये क्रमांकागणिक गुण देण्याची पद्धत मांडली गेली, १७८५ मध्ये उमेदवारांच्या जोड्या लावून मते मोजण्याचा विचार पुढे आला. पण 'एकूण नाराजी किमान' हे उद्दिष्ट थेट सूत्रात बसले १९५९ मध्ये. मतपत्रिकेवर अ हा बच्या वर आणि निकालात खाली असला, की एक विसंगती. शक्य त्या सर्व क्रमवाऱ्या घ्यायच्या, प्रत्येकीच्या विसंगती मोजायच्या. जिची बेरीज सर्वांत लहान, तो निकाल.

नऊ मतपत्रिका घ्या. चौघांचा क्रम अ-ब-क, तिघांचा क-ब-अ, दोघांचा ब-क-अ. फक्त पहिली पसंती मोजली तर अ जिंकतो. तळाचा उमेदवार बाद करून मते वळवली तर ब आधी बाद होतो आणि क जिंकतो. विसंगती मोजल्या तर ब-क-अ ही क्रमवारी ११ वर थांबते आणि ब निवडून येतो. अ-ब-क ची बेरीज १३, क-ब-अ ची १४.

खरी भानगड 'नाराजी' या शब्दातच आहे. बेरजेत अनेकांच्या किरकोळ कुरबुरी आणि थोड्यांचा तीव्र विरोध एकाच मापाने मोजले जातात. म्हणून, सर्वांत नाराज मतदाराचीच नाराजी कमी करा, असा दुसरा विचार आहे. ऐकायला न्याय्य वाटते. वरच्या उदाहरणात मात्र ब-क-अ, ब-अ-क आणि क-अ-ब या तिन्ही क्रमवाऱ्यांत सर्वाधिक विसंगती २ भरतात, म्हणजे बरोबरी. शिवाय मतांच्या संख्येला अर्थच उरत नाही: चौघांची मतपत्रिका एकाचीच असती, तरी हिशेब तोच. सार्वजनिक निवडणुकीत हे कोण मान्य करील?

बेरजेचीही अडचण आहेच. १० उमेदवारांच्या ३६,२८,८०० क्रमवाऱ्या होतात. सर्वांत लहान बेरजेची क्रमवारी शोधणे सर्वसाधारणपणे अतिकठीण, म्हणजे उमेदवार वाढले की संगणकालाही न झेपणाऱ्या, गटात मोडते हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. पुढे चारच मतपत्रिकांसाठीही तसे दाखवले गेले. अर्धवट भरलेली मतपत्रिका हा आणखी एक सापळा. मोकळे सोडलेले सगळे उमेदवार तळाशी बरोबरीत धरायचे, की त्या जोड्या मोजायच्याच नाहीत, हे आधी ठरवले नाही तर तीच मते वेगळा निकाल देऊ शकतात.

आपल्याकडे १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत पुढच्या पसंतीपर्यंत जावे लागले. पहिल्या फेरीत मतांचे एकूण मूल्य व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५ विरुद्ध नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ असे होते. तिसऱ्या क्रमांकाचे मराठी उमेदवार चिंतामणराव देशमुख यांचे १,१२,७६९. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. पहिल्या दोघांना पहिली पसंती दिलेल्या मतपत्रिकांवरचे पुढचे आकडे मात्र मोजणीत आलेच नाहीत.