क्लाउडच्या खासगी कनेक्शनचे तपशील पाहणं

कंपनीच्या नेटवर्कपासून क्लाउड प्रोव्हायडरपर्यंत इंटरनेटला वगळून जी स्वतंत्र लाइन घेतलेली असते, तिची ओळख, सध्याची अवस्था आणि तिच्यावरचं रूटिंग (डेटा कुठल्या वाटेने जाणार ते) प्रोव्हायडरच्या कन्सोलमधून, कमांड लाइनवरून किंवा एपीआयमधून वाचणं, याला साध्या बोलीत कनेक्शन डिटेल्स बघणं म्हणतात. अमेझॉनकडे या सेवेचं नाव डायरेक्ट कनेक्ट (२०११ पासून), मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवर एक्सप्रेसराउट (२०१४ पासून), गुगलकडे क्लाउड इंटरकनेक्ट आणि ओरॅकलकडे फास्टकनेक्ट. नावं वेगळी असली तरी मुळातलं काम सारखंच आहे, डेटा सेंटरमध्ये तुमच्या किंवा पार्टनरच्या राउटरपासून प्रोव्हायडरच्या राउटरपर्यंत फायबरचा क्रॉस कनेक्ट (दोन राउटर जोडणारी थेट केबल), त्यावर व्हीलॅन (एकाच केबलवर नंबर देऊन वेगळी केलेली आभासी लाइन), आणि व्हीलॅनवर बीजीपी (कुठले पत्ते कोणाकडे आहेत ते दोन राउटर एकमेकांना सांगतात ती पद्धत).

हे तीन थर डोक्यात पक्के ठेवले तर डिटेल्सचं पान वाचता येतं, नाहीतर ते नुसतं आयडी आणि आकड्यांचं जंगल वाटतं. आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, की वर "अव्हेलेबल" असं हिरव्या अक्षरात दिसलं की लोक म्हणतात लाइन चालू आहे, आता प्रॉब्लेम ॲप्लिकेशनवाल्यांचा. पण ते हिरवं अक्षर फक्त त्या एका थरापुरतं बोलतं. डायरेक्ट कनेक्टमध्ये कनेक्शन अव्हेलेबल आहे याचा अर्थ पोर्ट वर आला आहे, बस. त्याच्यावरचा व्हर्च्युअल इंटरफेस (व्हीलॅन आणि बीजीपी मिळून होणारी जोडणी) डाउन असू शकतो, आणि इंटरफेस वर असला तरी हवा तो रूट समोरून येत नसेल हेही शक्य आहे. म्हणून अवस्था खालून वर वाचायची, आधी फायबर, मग व्हीलॅन, मग बीजीपी, आणि शेवटी रूट.

अमेझॉनच्या कन्सोलमध्ये कनेक्शन उघडलं की आयडी (डीएक्सकॉन ने सुरू होणारा), लोकेशन, रीजन, बँडविड्थ, स्टेट आणि समोरच्या उपकरणाचं नाव दिसतं. कमांड लाइनवर हेच डिस्क्राइब-कनेक्शन्स आणि डिस्क्राइब-व्हर्च्युअल-इंटरफेसेस या दोन कमांडनी मिळतं. यादी रिकामी दिसली तर घाबरण्याआधी वर कोपऱ्यात कुठला रीजन निवडलाय ते पाहावं, कारण यादी रीजननुसार येते आणि चुकीच्या रीजनमध्ये कनेक्शन जणू अस्तित्वातच नसतं. स्टेटमध्ये रिक्वेस्टेड, पेंडिंग, अव्हेलेबल, डाउन, डिलीटेड असे शब्द येतात. रिक्वेस्टेड म्हणजे अजून पोर्ट तयार नाही. पेंडिंग म्हणजे अमेझॉनने मंजुरी दिली, एलओए नावाचं, केबल जोडायला परवानगी देणारं पत्र डाउनलोड करता येतं आणि आता ते डेटा सेंटरवाल्यांना देऊन क्रॉस कनेक्ट ओढून घेणं तुमच्याकडे आहे. या टप्प्यावर रेंगाळू नये, कारण कनेक्शन अव्हेलेबल झालं की किंवा तयार करून ९० दिवस झाले की, यातलं जे आधी होईल तेव्हापासून पोर्टचे पैसे लागतात, म्हणजे केबल जोडली नाही तरीही. पार्टनरकडून घेतलेलं होस्टेड कनेक्शन असेल तर व्हीलॅन नंबर आधीच ठरलेला दिसतो आणि त्यावर एकच व्हर्च्युअल इंटरफेस बसतो, डेडिकेटेडवर, म्हणजे अख्खा पोर्ट तुमचाच असेल तर, मात्र अनेक बसतात.

फायबरच्या थराचं खरं चित्र स्टेटमध्ये नसतं, ते मेट्रिक्समध्ये असतं. डेडिकेटेड कनेक्शनवर क्लाउडवॉच या अमेझॉनच्या मॉनिटरिंग सेवेत लाइट लेव्हल, म्हणजे प्रकाशाची ताकद, जाणारी आणि येणारी अशी दोन्ही दिसते, डीबीएम या एककात. १० गिगाबिटच्या एलआर ऑप्टिकला (लांब अंतरासाठी प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) साधारण वजा १४.४ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो, त्याखाली घसरला की एरर वाढायला लागतात आणि वजा ४० च्या आसपास दिसलं तर समजायचं प्रकाश येतच नाही. येणारा प्रकाश नाही पण जाणारा ठीक, असं असेल तर फायबरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यात का ते आधी विचारावं, पॅच पॅनेलवर हे सर्रास होतं. लाइट लेव्हल हळूहळू उतरत जाणारा आलेख तर अगदी सोन्यासारखा आहे, लाइन बंद पडायच्या आधीच तो सांगतो की कनेक्टर घाण झालाय किंवा ऑप्टिक थकतंय, आणि तरी बहुतेक टीम्स त्यावर अलार्म लावत नाहीत.

गुगलने हा भाग नीट बांधलाय. डेडिकेटेड इंटरकनेक्टसाठी गेट-डायग्नॉस्टिक्स ही कमांड चालवली की प्रत्येक लिंकचा ऑप्टिकल पॉवर, एलएसीपीची (अनेक लिंक एकत्र बांधणारी पद्धत) अवस्था आणि एआरपी (कुठला आयपी कुठल्या उपकरणाचा याची यादी) सगळं एकत्र येतं, आणि पॉवर कमी असेल तर तशी वॉर्निंग शब्दांत लिहिलेली असते. बीजीपी मात्र तिथे शोधायचं नाही, ते क्लाउड राउटरच्या स्टेटसमध्ये बघायचं, कारण गुगलकडे व्हीलॅन अटॅचमेंट आणि राउटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पार्टनरमार्फत घेतलेल्या अटॅचमेंटवर पेंडिंग पार्टनर दिसलं तर चेंडू पार्टनरकडे, पेंडिंग कस्टमर दिसलं तर तुमच्याकडे, तुम्ही ॲक्टिव्हेट केल्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

अझ्युअरवर एका सर्किटचे (एक्सप्रेसराउटच्या जोडणीला तिथे सर्किट म्हणतात) दोन स्टेटस असतात आणि नवीन माणूस नेमका इथे अडखळतो. सर्किट स्टेटस एनेबल्ड असणं ही मायक्रोसॉफ्टच्या बाजूची गोष्ट, आणि प्रोव्हायडर स्टेटस प्रोव्हिजन्ड असणं ही टेलिकॉमवाल्यांच्या बाजूची. सर्किट बनवल्यावर सर्व्हिस की मिळते, ती प्रोव्हायडरला द्यायची, त्याने काम केलं की नॉट प्रोव्हिजन्डचं प्रोव्हिजन्ड होतं. बिलिंग मात्र सर्व्हिस की निघाल्यापासूनच सुरू होतं, म्हणून सर्किट आधी बनवून ठेवू आणि प्रोव्हायडरशी बोलणं नंतर, असं करणं फुकट पैसे घालवणं आहे. प्रत्येक सर्किटमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन लिंक असतात आणि एआरपी टेबल, रूट टेबल दोन्हीसाठी वेगळे काढावे लागतात. एआरपी टेबलमध्ये ऑन-प्रेमची, म्हणजे तुमच्या बाजूच्या राउटरची, ओळच नसेल तर व्हीलॅन टॅग किंवा आयपी चुकलाय, बीजीपीच्या मागे लागून उपयोग नाही. प्रत्येक लिंकला दिलेल्या /३० च्या सबनेटमधला (चार पत्त्यांचा गट) पहिला वापरता येणारा पत्ता तुमचा आणि दुसरा मायक्रोसॉफ्टचा, हे उलटं टाकलं की हाच प्रकार होतो. समोरचा एएसएन (बीजीपीत नेटवर्कची ओळख सांगणारा नंबर) १२०७६ असतो. अमेझॉन आपल्या बाजूचं एआरपी दाखवत नाही, तिथे तुमच्याच राउटरवर बघावं लागतं.

बीजीपीच्या ओळीत ॲक्टिव्ह हा शब्द दिसला की बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात, पण राउटरवर ॲक्टिव्हचा अर्थ सेशन अजून जुळलं नाही आणि प्रयत्न चालू आहेत असा होतो, जुळलेलं सेशन एस्टॅब्लिश्ड असतं. न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत, एएसएन चुकीचा, एमडीफाइव्हची की (सेशनचा पासवर्ड) दोन्हीकडे वेगळी, पीअर आयपी (समोरच्या राउटरचा पत्ता) चुकीचा, किंवा मध्ये फायरवॉल टीसीपी १७९ हे बीजीपीचं पोर्ट अडवतोय. सेशन आधी नीट चालून अचानक आयडल झालं तर रूटची संख्या मोजावी. डायरेक्ट कनेक्टच्या प्रायव्हेट इंटरफेसवर तुम्ही आयपीव्हीफोरचे १०० पेक्षा जास्त प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) पाठवले की अमेझॉन सेशनच बंद करतो, अझ्युअरच्या प्रायव्हेट पीअरिंगवर (खासगी पत्त्यांसाठीचं बीजीपी) स्टँडर्ड प्रकाराला ही मर्यादा ४००० आहे. कोणीतरी आतल्या नेटवर्कमध्ये समरायझेशन (अनेक प्रीफिक्स एकात गोळा करणं) काढून टाकलं की सगळं क्लाउड कनेक्शन जातं आणि कन्सोलमध्ये कनेक्शन मात्र अव्हेलेबलच दिसत राहतं. एमटीयूसुद्धा (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) इथेच तपासावा, अमेझॉनच्या प्रायव्हेट आणि ट्रान्झिट इंटरफेसवर तो १५०० पेक्षा मोठा ठेवता येतो, अझ्युअरवर १५००. पिंग जातो पण मोठी फाइल अडकते, असं असेल तर संशय आधी एमटीयूवर घ्यावा.

आता एक तपशील जो फार कमी लोक बघतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. दोन कनेक्शन घेतली म्हणजे बॅकअप झाला असं वाटतं, पण दोन्ही समोरच्या एकाच राउटरवर उतरली असतील तर तो राउटर मेंटेनन्सला गेला की दोन्ही एकदम जातात. अमेझॉनच्या डिस्क्राइब-कनेक्शन्सच्या उत्तरात लॉजिकल डिव्हाइस आयडी असतो, दोन्ही कनेक्शनचा तो सारखा असेल तर तो बॅकअप नुसता कागदावरचा. लोकेशनही दोन्हीचं एकच असेल तर डेटा सेंटरची वीज गेली की तेच. गुगल हीच गोष्ट एज अव्हेलेबिलिटी डोमेन या नावाने दाखवतो. ऑर्डर देताना हे बघून ठेवलं असेल तरी पार्टनरने मागे काही बदल केला की परत बघावं लागतं.

हे सगळं वाचायला बदल करायची परवानगी लागत नाही, अमेझॉनवर डायरेक्ट कनेक्टची रीड-ओन्ली पॉलिसी, अझ्युअरवर रीडर रोल, गुगलवर कॉम्प्युट नेटवर्क व्ह्यूअर एवढं साधारणपणे पुरतं, फक्त अझ्युअरचे एआरपी आणि रूट टेबल काढायला वेगळी परवानगी लागू शकते. पण रीड-ओन्ली आहे म्हणून कोणालाही वाटत सुटू नये. डिस्क्राइब-व्हर्च्युअल-इंटरफेसेसच्या उत्तरात बीजीपीची ऑथ की सरळ वाचता येते, आणि अझ्युअरची सर्व्हिस की किंवा गुगलची पेअरिंग की हातात आली तर ती प्रोव्हायडरकडे देऊन कोणी भलतीच जोडणी मागू शकतो. म्हणून सपोर्ट तिकिटाला स्क्रीनशॉट किंवा पूर्ण आउटपुट लावताना कनेक्शन आयडी, लोकेशन, व्हीलॅन नंबर, घटनेची वेळ आणि टाइमझोन एवढं ठेवावं आणि की झाकावी.