बिल पट्ट्यांचं, हिशोब वेगाचा

ताशी ५० किलोमीटरने गाडी येतेय आणि कुणीतरी रस्ता ओलांडायला पाऊल टाकतं. ते चालकाला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे आलेली असते आणि वेग तसूभरही उतरलेला नसतो. तीच गाडी ३० च्या वेगात असती, तर तो एक सेकंद धरूनही कोरड्या रस्त्यावर १३-१४ मीटरमध्ये उभी राहिली असती. हळू गाडी जिथे थांबते, त्याच जागी वेगवान गाडी पूर्ण वेगाने आदळते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३० वरून ५० वर गेल्यावर धक्क्यातली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते.

तेव्हा पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी शहर पैसे बाजूला काढतं, त्यातून त्याला मिळवायचा असतो कमी वेग आणि मोकळी नजर. पण निविदेत ‘कमी वेग’ नावाची बाब नसते. तिथे असतात रंगाचे चौरस मीटर, फलकांचे नग, दिव्याचे खांब. जे फूटपट्टीने मोजता येतं, त्याचंच बिल निघतं.

आणि रंग मोजायला फार सोपा! झेब्रा पट्टे ब्रिटनमध्ये १९५१ साली रीतसर लागू झाले, तेव्हापासून ते सुरक्षिततेचं चिन्हच होऊन बसले आहेत. रस्ते-सुरक्षेचे संशोधक चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी मात्र अमेरिकेतल्या ३० शहरांत पट्टे असलेल्या १,००० आणि नसलेल्या १,००० जागांची तुलना केली. त्याचा अहवाल २००५ मध्ये आला. दोन मार्गिकांच्या रस्त्यांवर नुसत्या पट्ट्यांनी काही फरक पडलेला दिसला नाही. मधे उंच दुभाजक नाही, मार्गिका अनेक आणि दिवसाला १२,००० हून जास्त वाहनं, अशा रस्त्यांवर तर नुसते पट्टे असलेल्या जागी अपघातांचं प्रमाण जास्तच निघालं.

यामागचं एक कारण रस्त्यावर उभं राहून कुणालाही पाहता येईल. पहिल्या मार्गिकेतली गाडी सौजन्याने थांबते, अगदी पट्ट्यांना खेटून. आता तीच गाडी भिंतीसारखी आडवी येते. शेजारच्या मार्गिकेतल्या चालकाला माणूस दिसत नाही, माणसाला तो चालक दिसत नाही. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे थांबण्याची रेषा पट्ट्यांपासून ६ ते १५ मीटर मागे घेणं. रंग तोच, फक्त जागा बदलायची. नजरेला फट मिळते. त्याहून पक्का उपाय मधल्या थांब्याचा. एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघायची, मग श्वास घेऊन उरलेला अर्धा रस्ता.

काही सुधारणांना तर निविदाच लागत नाही. सिग्नलवर पादचाऱ्याला किती सेकंद द्यायचे, हे गृहीत धरलेल्या चालीवरून ठरतं. अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांनी २००९ मध्ये ही चाल सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीन फुटांवर आणली. १४ मीटर रुंद रस्त्याला त्याने दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. काठी टेकत चालणाऱ्यासाठी तो बराच असतो.

उंच केलेला क्रॉसिंग, म्हणजे पदपथाच्या पातळीवर आणलेला सपाट उंचवटा, वेग हमखास उतरवतो. तरी अंदाजपत्रकात तो मागे पडतो. खर्च उंचवट्याचा कमी, पाण्याचा जास्त: कडेने वाहणारं पाणी अडतं, म्हणजे गटाराची जाळी हलवा, उतार पुन्हा काढा, खालच्या केबलवाल्यांशी बोला. मग अभियंता हताश होऊन रंगाची बाब वाढवतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. दहा चौकांची कामं वेगवेगळ्या निविदांत काढली की प्रत्येकाला वेगळं सर्वेक्षण आणि वेगळी यंत्रसामग्री लागते. एकाच प्रकारची कामं एका कंत्राटात बांधली, तर तो वरखर्च वाटला जातो.

कोणते चौक निवडायचे? ‘गेल्या वर्षी सर्वांत जास्त अपघात झाले ते’ हे उत्तर न्याय्य वाटतं, पण त्यात एक गोम आहे. सहाशे जणांना फासा टाकायला लावा. ज्यांना सहा पडले त्या शंभरेक जणांच्या दंडाला ताईत बांधा आणि पुन्हा टाकायला सांगा. सरासरी साडेतीनच्या आसपास येईल. ताईताने आकडा उतरवला, असं कुणी म्हणेल का? एका चौकातले वर्षभरातले अपघात थोडेच असतात, त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. वाईट वर्षानंतर काहीही न करता आकडा बहुधा उतरतोच, आणि श्रेय नव्या फलकाला जातं. एझ्रा हाउअर यांच्यासारख्या संशोधकांनी यावर तोडगा दिला: त्या चौकाचा आकडा आणि तशाच इतर चौकांची सरासरी, दोन्हींना योग्य वजन देऊन अंदाज बांधायचा. निधी मागतानाच ही तुलना लिहून ठेवलेली बरी. काम झाल्यावर तुलनेचे चौक शोधायला बसलं, की सोयीचेच सापडतात. अपघातांची वाट न पाहता वेग आधी आणि नंतर मोजता येतो, तोही एका आठवड्यात.

राहिला रंग. रात्री तो चमकतो ते त्यात पेरलेल्या काचेच्या बारीक मण्यांमुळे. हेडलाइटचा प्रकाश मण्यात शिरताना वाकतो, मागच्या रंगावर आपटतो आणि आल्या वाटेने चालकाकडे परततो. त्यासाठी मणी निम्म्याहून किंचित जास्त रुतलेला हवा. पूर्ण बुडाला तर चमक नाही, वरच राहिला तर टायर उपटून नेतात. दुपारच्या उन्हात मणी नीट बसलेले आणि न बसलेले, दोन्ही पट्टे सारखेच पांढरेशुभ्र दिसतात. परत येणारा प्रकाश मोजणारं उपकरण असतं आणि त्याचा किमान आकडा करारात घालता येतो: काम झाल्यावर इतका, वर्षाने निदान इतका. तो नसेल तर चौरस मीटर बरोबर भरतात, बिल मंजूर होतं आणि पट्टे पहिल्या पावसाळी रात्री दिसेनासे होतात. पुन्हा रंगवायचे पैसे देखभालीच्या खात्यातून यायचे असतात, आणि नव्या कामाला मिळालेल्या अनुदानातून तो खर्च बऱ्याचदा करताच येत नाही.