इमारतीतलं फेज चेंज मटेरियल

फेज चेंज मटेरियल, थोडक्यात पीसीएम, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळताना भरपूर उष्णता पोटात घेणारा आणि परत गोठताना ती बाहेर सोडणारा पदार्थ, आणि हे सगळं होत असताना त्याचं स्वतःचं तापमान फारसं हलत नाही. असा पदार्थ भिंतीत, छतात किंवा फरशीखाली बसवला की दुपारी खोली तापायला वेळ लागतो, रात्री गार पडायलाही वेळ लागतो, त्यामुळे एसी आणि हीटर दोन्ही कमी चालवावे लागतात.

शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. ० अंशाचा १ किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत १ किलो पाणी ० वरून जवळपास ८० अंशांवर जातं. पण भिंतीत बर्फ भरून भागत नाही, माणसाला जिथे बरं वाटतं त्याच्या आसपास म्हणजे साधारण १८ ते ३० अंशांत वितळणारं काहीतरी लागतं. पॅराफिन मेणातलं ऑक्टाडेकेन २८ अंशांना वितळतं, कॅल्शियम क्लोराइडचं हेक्झाहायड्रेट (हायड्रेट म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारं मीठ) २९-३० ला, शिवाय वनस्पती तेलांपासून मिळणारी फॅटी अ‍ॅसिड एकमेकांत मिसळून हवं ते तापमान बरंचसं साधता येतं. असे पदार्थ वितळताना किलोमागे साधारण १५० ते २५० किलोज्यूल घेतात, आणि १ किलो काँक्रीट ५ अंशांनी तापलं तर त्यात जेमतेम ५ किलोज्यूल साठतात. म्हणून खरा उपयोग लाकडी किंवा स्टीलच्या फ्रेमच्या हलक्या बांधकामात होतो, जाड दगडी भिंती मुळातच हळू तापतात, तिथे फायदा कमी.

बरेच जण याला इन्सुलेशन समजतात, तसं अजिबात नाही. इन्सुलेशन उष्णता अडवतं, पीसीएम ती साठवतं, आणि एकदा पूर्ण वितळलं की साठवायला जागाच उरत नाही, मग तो नुसता एक साधा थर. त्यामुळे इन्सुलेशन काढून पीसीएम लावणं चुकीचंच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते रोज परत गोठलं पाहिजे. २६ अंशांना वितळणारा माल घेतला आणि रात्रीही खोली २८ च्या खाली येत नसेल तर तो आठवडेच्या आठवडे द्रवच राहणार, लावला काय न लावला काय सारखंच! म्हणून रात्री खिडक्या उघडून किंवा पंख्याने बाहेरची गार हवा आत खेचावी लागते, तीही पुरेशी गार हवी. उन्हाळ्यासाठी निवडलेलं तापमान हिवाळ्यात बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतं, त्यामुळे दोन्ही ऋतूंत काम हवं असेल तर दोन वेगवेगळे पीसीएम लागू शकतात. कुठलाही ब्रँड बघण्याआधी आपल्या हवेतलं दिवस-रात्रीचं तापमान बघावं असं माझं ठाम मत आहे.

या कल्पनेचा गाजलेला प्रयोग १९४८ चा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावातलं सौरघर. मारिया टेल्केस यांनी उष्णतेची योजना केली, एलेनॉर रेमंड यांनी घराचं डिझाइन केलं, पैसे अमेलिया पीबडी यांनी दिले. सुमारे ३२ अंशांना वितळणारं ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेटचं डेकाहायड्रेट डब्यांत भरून उन्हाची उष्णता त्यात साठवायची अशी योजना होती. सुरुवातीचे हिवाळे निभावले, पण नंतर मीठ डब्यात तळाला बसून थर वेगळे झाले, डबेही गंजले आणि शेवटी ही व्यवस्था काढावी लागली. तरी तीन बायकांनी त्या काळात हे उभं करून दाखवलं याचं मोल कमी होत नाही. मिठांच्या हायड्रेटची ही दुखणी आजही आहेतच: थर वेगळे होणं, आणि गोठायच्या तापमानाखाली जाऊनही न गोठणं. त्यावर घट्टपणा आणणारे पदार्थ मिसळतात, आणि स्फटिक धरायला सुरुवात व्हावी म्हणून ग्लॉबर सॉल्टमध्ये थोडा बोरॅक्स घालतात.

मेणाला हा त्रास नाही पण ते पेटतं, त्यामुळे आगीची काळजी घ्यावी लागते. शिवाय त्यातून उष्णता फार हळू सरकते, जाड थर दिला तर मधला भाग रात्रभरात गोठतच नाही, म्हणून पातळ थर आणि मोठं क्षेत्रफळ बरं. गळू नये म्हणून काही मायक्रॉनच्या प्लास्टिक कॅप्सूलमध्ये बंद करून ते प्लास्टरमध्ये किंवा जिप्सम बोर्डात मिसळतात. दुसरी पद्धत पाऊच किंवा पॅनेलची, ती फॉल्स सीलिंगवर टाकायला सोपी, फक्त पाऊच असलेल्या भिंतीत नंतर कोणी ड्रिल मारू नये.

किती टक्के वीज वाचेल याचा सगळ्यांना लागू पडणारा एकच आकडा नसतो, हवामान, बांधकाम आणि वापर यावर ते ठरतं. एकूण बचत बेताची असली तरी एसीचा भर दुपारचा लोड संध्याकाळकडे किंवा रात्रीकडे ढकलता येतो, हेही मोठं काम आहे. मोठ्या इमारतींत रात्री टाकीत बर्फ करून दिवसा त्यावर एसी चालवतात तेही याच तत्त्वावर. माल घेताना वितळण्याचा आणि गोठण्याचा असे दोन्ही आलेख मागून घ्यावेत, कारण बऱ्याच पदार्थांत गोठायचं तापमान दोन-चार अंशांनी खाली असतं आणि रात्रीचं गणित तिथेच बिघडतं.