मधुमेही पाय आणि कुष्ठरोगाचा वारसा : एक पार्श्वभूमी

मधुमेही रुग्णाचा पाय कापण्याची वेळ येते तेव्हा सुरुवात बहुतेकदा एका न दुखलेल्या जखमेने झालेली असते. चपलेत शिरलेला खडा, तळातून वर आलेला खिळा किंवा उन्हात तापलेली फरशी, यांपैकी काहीही त्याला पुरते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या नसा निकामी होत जातात, वेदना कळेनाशी होते, घाम येणे थांबून टाचांना भेगा पडतात, पावलातले लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकतात आणि चालण्याचा सारा भार चवड्याच्या हाडांवर येऊन तेथे घट्टा धरतो. त्या घट्ट्याखाली मांस कुजत असते आणि माणूस मात्र रोजच्यासारखा कामावर जात असतो. आज हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. पण हे ज्ञान मधुमेहाच्या दवाखान्यांपेक्षा भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या वॉर्डांतून अधिक आले, याची आठवण वैद्यकीय वर्तुळातही फारशी काढली जात नाही.

इन्सुलिन येण्यापूर्वी मधुमेही पायाचा प्रश्न आजच्या स्वरूपात नव्हताच, कारण अनेक रुग्ण तेवढे जगतच नसत. 1922 मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू झाला, मधुमेही बेशुद्धीने होणारे मृत्यू घटले आणि वय वाढलेल्या रुग्णांच्या पायाचा गँगरीन पुढे आला. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी 1934 मध्ये या धोक्यावर लेख लिहिला आणि गँगरीन आकाशातून पडत नाही, तो जमिनीवरच उपजतो, असे बजावले. रुग्णाने पाय धुवावेत, रोज तपासावेत, अनवाणी चालू नये, हा त्यांचा आग्रह आजही तसाच्या तसा लागू आहे. तरीही पुढची अनेक वर्षे डॉक्टरांचे लक्ष अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर राहिले. रक्तपुरवठा ठीक असलेल्या पायालाही जखम का होते आणि झाली तर भरत का नाही, हा प्रश्न मागे पडला.

त्याचे उत्तर वेल्लोरला मिळत होते. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी 1914 मध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायांची बोटे रोगानेच झडतात, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनी रुग्णांच्या एकेका जखमेचा माग काढला, तेव्हा प्रत्येकीमागे काही ना काही साधे कारण निघू लागले : गरम भांडे हाताने उचलणे, बोचणारी वहाण तशीच घालून चालणे, भाजल्याचे न कळणे. काही रुग्णांच्या बोटांचा भाग रात्रीतून नाहीसा होई. तपास केल्यावर झोपेत उंदीर कुरतडत असल्याचे उघड झाले आणि रुग्णांना मांजरी पाळायला देण्यात आल्या. ऊती मुळात निरोगी आहेत, हरवली आहे ती वेदना, हा त्यांचा निष्कर्ष होता. तळपायाच्या जखमेवर प्लास्टर चढवून भार सर्वत्र विभागण्याची पद्धत श्रीलंका आणि भारतातील कुष्ठरोग उपचारांत आधीपासून होती. ती वेल्लोरला नेमाने वापरली गेली. जखम भरल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला आल्या. या सगळ्यात महागडे असे काहीच नव्हते.

ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथील सरकारी कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या गटाने उंदरांच्या पावलांवर यंत्राने मध्यम दाब पुन्हा पुन्हा देऊन दाखवले की एकदा बसलेल्या जोरदार घावाइतकाच रोजचा सौम्य पण न थांबणारा दाबही जखम करू शकतो. त्याच सुमारास आसपासचे मधुमेही रुग्णही तशाच जखमा घेऊन येऊ लागले आणि कुष्ठरोग्यांसाठी घडवलेली पद्धत त्यांनाही लागू पडली. आज जगभर वापरली जाणारी, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याची तपासणी याच रुग्णालयातून पुढे आली. तळव्यावर धागा टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा आणि रुग्णाला स्पर्श कळला का ते विचारायचे. संरक्षक संवेदना कोणत्या जाडीच्या धाग्यापाशी हरवते हे तेथील बर्क आणि सिम्स यांनी 1986 मध्ये मांडले. तपासणीला मिनिटभर लागते, वीज लागत नाही.

यानंतरचा इतिहास मुख्यतः श्रीमंत देशांतला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात 1981 मध्ये मधुमेही पायासाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले, 1989 च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात युरोपीय देशांनी मधुमेही गँगरीनमुळे पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट घेतले आणि 1999 मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांत पावलांची देखभाल करणारा प्रशिक्षित पोडिअॅट्रिस्ट गृहीत धरलेला होता. भारतात, बांगलादेशात किंवा टांझानियात असा पेशा जवळजवळ नव्हताच.

ही पोकळी भरण्याच्या प्रयत्नांत नागपूरचे नाव ठळक आहे. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातील दार-ए-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी 2000 नंतरच्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रशिक्षण कार्यक्रम उभा केला. लहान गावांतून डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्या बोलावून त्यांना घट्टा खरवडणे, जखम साफ करणे, धाग्याने संवेदना तपासणे आणि योग्य चप्पल सुचवणे शिकवायचे, परत जाताना साधी हत्यारे सोबत द्यायची आणि नंतर पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बोलवायचे, अशी त्याची रचना होती. अब्बास यांनी टांझानियातील मधुमेही रुग्णांच्या पायांना झोपेत उंदीर चावल्याच्या घटनाही नोंदवल्या आहेत. वेल्लोरच्या मांजरींना तोवर अर्धशतक उलटले होते.

गरीब देशांतील पायाची वाट आणखीही काही गोष्टींनी अवघड होते. तळव्यावरची जखम भरायला आठवडेच्या आठवडे त्या पायावर भार टाकायचा नसतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला हा सल्ला पाळणे म्हणजे चूल बंद ठेवणे. घरात आणि देवळात अनवाणी वावरण्याची रीत आहे, नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत महाराष्ट्रात असंख्य स्त्रिया करतात, आणि तुळजापूरला पायी निघणाऱ्यांतही चप्पल न घालणारे पुष्कळ असतात. श्रद्धेला नावे ठेवून येथे काही साधत नाही. तळव्याला चटका कळतो की नाही हे निघण्यापूर्वी तपासून घ्या, एवढे सांगणारे कोणी जवळ असले तरी पुष्कळ. घट्ट बसलेल्या जोडव्याखालची जखमही अशीच उशिरा लक्षात येते.

चपलेचा प्रश्न मात्र केवळ पैशाचा नाही. एमसीआरची चप्पल पायात दिसली की गाव ओळखत असे, म्हणून कुष्ठरोगीसुद्धा ती घालायला कचरत आणि मधुमेही तर ‘ती’ चप्पल नकोच म्हणत. चेन्नईच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये असे मऊ तळ मधुमेही पायावरचा दाब आणि नव्या जखमा कमी करतात हे दाखवून दिले, तरी ती गावच्या बाजारात सहजी मिळेल अशी वस्तू झाली नाही. पाय गेल्यानंतरच्या इलाजात आपला देश अधिक नावाजला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडलेला जयपूर फूट जगभर गेला आणि त्याबद्दल डॉ. पी. के. सेठी यांना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय वाचवणाऱ्या चपलेला असा मान कधी लाभला नाही, आणि ही आवडनिवड मला तरी आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या स्वभावाची निदर्शक वाटते.

2005 हे वर्ष या दृष्टीने विचित्र योगायोगाचे ठरले. त्या वर्षीचा जागतिक मधुमेह दिन पायांना वाहिलेला होता, आणि त्याच वर्षाअखेर भारताने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाच्या निर्मूलनाचे, म्हणजे दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्णांचे, उद्दिष्ट गाठले. कुष्ठरोगाच्या स्वतंत्र यंत्रणेतले अनुभवी हात तोवर सर्वसाधारण सेवेत मिसळत होते. मधुमेहासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला. कुष्ठरोग कार्यक्रमातून एमसीआर चपला आजही मोफत दिल्या जातात, पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे 10.1 कोटी असताना त्यांच्यासाठी तशी देशव्यापी तरतूद उभी राहिलेली नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जो फॉर्म भरते, त्यात तळव्यांना वारंवार मुंग्या येतात का, तळव्यावर पुन्हा पुन्हा जखम होते का, हे प्रश्न आहेत. ते कुष्ठरोगाचा संशयित शोधण्यासाठी घातलेले आहेत.