कापड गळत नाही, शिवण गळते

बोरी नदीला पूर आला की नळदुर्गच्या किल्ल्यातील बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन्ही धबधबे कोसळू लागतात आणि तुळजापूर, उमरगा, सोलापूर अशा सगळ्या बाजूंनी कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत मीही होतो. पाठीवरच्या बॅगेच्या लेबलावर ‘वॉटरप्रूफ’ असे ठळक छापलेले होते आणि कापडाने तो शब्द पाळलाही. दिवसभर पावसाचे थेंब त्यावरून घरंगळत राहिले. मुक्कामी येऊन बॅग उघडली, तेव्हा मात्र तळाचा फोम पिळून काढण्याइतका भिजलेला होता आणि लांब पल्ल्याची लेन्स त्या ओलीत बसलेली होती. पाणी कोठून शिरले हे पाहण्यासाठी घरी रिकामी बॅग आतली बाजू बाहेर येईल अशी उलटवून, तिच्यात पाणी भरून टांगून ठेवली. थेंब दोनच ठिकाणांहून पडत होते: तळाच्या शिवणीतून आणि चेन जिथे संपते त्या टोकातून.

विणलेले कापड ही मुळात जाळीच असते. उभ्या-आडव्या धाग्यांमध्ये फटी असतात आणि पाण्याचा रेणू त्या फटींच्या मानाने इतका लहान असतो, की एकेक रेणूच्या हिशेबाने पाहिले तर कोणतेही कापड पाणी अडवू शकणार नाही. पाणी अडते ते पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो म्हणून. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो, कारण त्या पानाचा मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांचा पृष्ठभाग पाण्याला चिकटू देत नाही. थेंबाची कड पानाशी जो कोन करते, त्या स्पर्शकोनाचे माप तिथे ९० अंशांच्या बरेच पुढे जाते. बॅगेच्या कापडावर असेच पाणी झिडकारणारे रसायन चढवलेले असले, तर प्रत्येक फटीच्या तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग फुगीर होऊन थबकतो आणि बाहेरून दाब दिल्याशिवाय आत सरकत नाही.

हा दाब किती लागतो याचे गणित सोपे आहे आणि बॅगेची निवड जवळजवळ त्याच गणितावर ठरते. स्पर्शकोन ११० अंश आणि फटीचा व्यास १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, असे धरले तर ती फट सुमारे १ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब पेलते. व्यास जितका वाढेल तितक्याच पटीने ही क्षमता घटते. शिवणयंत्राच्या जाड सुईचे छिद्र साधारण १ मिलिमीटरचे असते. ते त्या फटीच्या शंभरपट मोठे असल्यामुळे जेमतेम १ सेंटिमीटर पाणी अडवू शकते. बॅगेच्या एका बाजूच्या शिवणीत अशी शेकडो छिद्रे असतात. शिवाय त्या छिद्रातून गेलेला पीळदार दोरा स्वतःच दिव्याच्या वातीचे काम करतो: त्याच्या तंतूंमधील केशनलिका बाहेरचे पाणी शोषून आतल्या अस्तरापर्यंत पोहोचवतात.

लेबलावर दिसणारा ‘५,०००’ किंवा ‘१०,०००’ मिलिमीटर हा आकडा याच जलस्तंभाच्या उंचीचा असतो. आयएसओ ८११ या प्रमाणित चाचणीत कापडाचा तुकडा ताणून बसवतात, त्यावरील पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी फुटले की त्या क्षणाचा दाब नोंदवतात. एवढा मोठा आकडा नुसत्या फटींच्या बळावर मिळत नाही. त्यासाठी कापडाच्या आतल्या बाजूस पॉलियुरेथेनचा सलग पापुद्रा चढवलेला असतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की चाचणी तुकड्याची होते आणि त्या तुकड्याला शिवण नसते, चेनही नसते.

प्रत्यक्षात बॅगेवर किती दाब येतो? आठ किलोची बॅग ओल्या कातळावर टेकवली, तर तळावर सरासरी फक्त १३-१४ सेंटिमीटर जलस्तंभाइतका दाब पडतो. कापडाला तो किरकोळ आहे, पण सुईच्या छिद्राच्या क्षमतेच्या तेरा-चौदा पट आहे. माझ्या बॅगेची तळाची शिवण तिथेच हरली. पावसाचा मोठा, पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने खाली येतो आणि आदळताना क्षणभर सुमारे ४ मीटर जलस्तंभाइतका दाब देतो. मोटारसायकलच्या टाकीवर बॅग ठेवून ताशी ६० किलोमीटरने भर पावसात निघालात, तर समोरून येणाऱ्या थेंबांचा हाच हिशेब १४ मीटरच्या घरात जातो. हा दाब क्षणिक असतो हे खरे, पण थेंब असंख्य असतात. म्हणून गाडीवर बॅग पुढे न घेता पाठीवर, अंगाच्या आडोशाला ठेवलेली बरी.

कापडाच्या आकड्यापेक्षा आयपी संकेतांक, म्हणजे धूळ आणि पाणी किती अडते हे सांगणारी प्रमाणित श्रेणी, अधिक भरवशाचा, कारण तो शिवलेल्या, चेन लावलेल्या, पूर्ण वस्तूला मिळतो. त्यातील पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. ज्याची चाचणी झाली नाही त्याच्या जागी एक्स. दुसरा अंक ४ असेल तर चहूकडून उडणाऱ्या शिंतोड्यांना, ६ असेल तर पाण्याच्या जोरदार झोताला आणि ७ असेल तर १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवण्याला ती वस्तू टिकते. बहुतेक कॅमेरा-बॅगांवर हा संकेतांक नसतोच. ‘वॉटर रेझिस्टंट’ हा शब्द मात्र सगळ्यांवर असतो, आणि तो एकटा असेल तर त्याचा अर्थ मी ‘भुरभुरीपुरते ठीक’ इतकाच घेतो.

शिवण झाकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात शिवणीवर आतून साधारण बोटभर रुंदीची पट्टी उष्णतेने चिकटवतात. दुसऱ्यात शिवतच नाहीत, तर प्लॅस्टिकचा थर असलेल्या जाड कापडाच्या कडा वितळवून एकमेकींत जोडतात. दुसरा मार्ग निःसंशय पक्का, पण अशा बॅगा जड, ताठ आणि महाग असतात. पहिल्या मार्गाची अडचण अशी, की कॅमेरा-बॅगेला आतून मऊ अस्तर लावलेले असल्यामुळे पट्टी आहे की नाही हे दुकानात दिसत नाही. त्यासाठी घरी एक चाचणी करता येते. बॅगेत कॅमेऱ्याऐवजी वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद खच्चून भरावेत, बॅग नेहमीसारखी बंद करावी आणि न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटे उभी व दहा मिनिटे आडवी ठेवावी. कागदावर ओलीचा डाग कोणत्या कोपऱ्यात उमटला, यावरून गळतीची जागा नेमकी कळते. ही चाचणी बॅग परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, दुकानदाराशी आधी बोलून करावी हे सांगायला नको.

चेनची गोष्ट शिवणीहून अवघड आहे. नेहमीच्या चेनवर रबरासारखा थर देऊन ती उलटी बसवली, तर तिरप्या पावसाला ती बऱ्यापैकी तोंड देते. परंतु धावती पकड जिथे थांबते तिथे बारीकसे भोक उरते आणि त्यावर कापडी टोपरे नसेल तर पाणी हमखास तिथून आत येते. पाणबुडे वापरतात तशी हवाबंद चेन हा उपाय आहे, पण ती ओढायला जड असते, तिला अधूनमधून वंगण द्यावे लागते आणि दात्यांत माती अडकली की तिचा हवाबंदपणा संपतो. उन्हाळ्यात जालना-परभणीच्या कोणत्याही गाडीवाटेने दोन तास फिरून आलेल्या माणसाला ही अट किती अवघड आहे हे वेगळे पटवावे लागणार नाही. तोंडाची तीन-चार वळी घालून बंद होणारी बॅग या दोन्हींपेक्षा सरळ: तिला चेनच नाही. तिचा दोष एवढाच, की नाथसागरावर रोहित पक्ष्यांचा थवा उठला, तर तुम्ही वळी उलगडेपर्यंत तो पार पैलतीरी गेलेला असतो.

मराठवाड्याच्या हवेने या निवडीत स्वतःची एक अडचण घातली आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या आठ जिल्ह्यांत पाऊस कोकणासारखी महिनोन्‌महिने झड लावत नाही. तो ओढ देतो आणि मग एखाद्या दुपारी तासाभरात शेताचे तळे करून जातो. मधल्या कोरड्या दिवसांत काळ्या जमिनीची धूळ बॅगेवर बसत राहते. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगणारे आहे. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आणि पावसात बुटाला चिकटणारे किलोभर चिखलाचे गोळे ही त्याचीच करणी. पाण्याची अशी ओढ असलेल्या मातीचा थर कापडावर बसला, की अळवाच्या पानाचा गुण जातो: स्पर्शकोन ९० अंशांखाली येतो आणि जी फट पाण्याला बाहेर ढकलत होती तीच आता त्याला आत ओढू लागते. घामाचे आणि तेलाचे डागही हेच करतात. म्हणून मृगाच्या आधी बॅग साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून सावलीत वाळवणे हा खर्च नसलेला उपाय आहे. त्यानंतरही थेंब गोल होत नसतील, तर पाणी झिडकारणारा फवारा पुन्हा मारावा. या फवाऱ्यांत आणि कापडांत पूर्वी फ्लोरिनयुक्त रसायने सर्रास असत. त्यांच्याशी निगडित असलेले पीएफओए हे निसर्गात न विघटणारे रसायन २०१९ मध्ये चिवट प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातील निर्मूलनाच्या यादीत गेले. फ्लोरिनविरहित फवारे आता मिळतात. ते पाण्यापुरते चांगले आहेत, तेलाच्या डागांपुढे मात्र दुबळे पडतात.

उष्णता आणि दमटपणा मिळून आतल्या पॉलियुरेथेनच्या पापुद्र्याचेही हळूहळू विघटन करतात. जुनी बॅग माळ्यावरून काढावी आणि तिचे अस्तर बोटाला चिकट लागून कोंड्यासारखे गळावे, हा अनुभव अनेकांना असेल. अशी बॅग बाहेरून कितीही धडधाकट दिसली तरी तिचा जलरोधकपणा संपलेला असतो, आणि जुन्या बाजारातून बॅग घेताना पहिला हात अस्तराला लावावा तो याचसाठी.

या सगळ्यामुळे माझे मत असे झाले आहे, की पूर्ण जलरोधक बॅगेच्या मागे न लागता ताकद आणि पाणी यांची कामे दोन थरांत वाटून द्यावीत. भर पावसात खुरपणीला बसलेल्या बाया खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात, त्या पोत्यात हीच विभागणी असते: बाहेरचे विणलेले पोते ओढाताण सोसते आणि आतली सलग प्लॅस्टिकची पिशवी पाणी अडवते. कॅमेऱ्यासाठी याचा अर्थ असा, की बाहेरची बॅग चांगल्या पट्ट्यांची, जाड नायलॉनची आणि बंद पेशींच्या, म्हणजे आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेल्या, फोमची घ्यावी. उघड्या पेशींचा मऊ फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, जसा माझ्या बॅगेतला. आत कॅमेरा व लेन्स यांच्यासाठी वळी घालून बंद होणारी पातळ पिशवी ठेवावी, जी कोरड्या दिवसांत घडी करून खिशात राहते आणि आभाळ भरून आले की दोन मिनिटांत चढवता येते.

बॅगेसोबत येणारे रेनकव्हर टाकून देऊ नये, पण त्याच्यावर विसंबूही नये. ते पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेले पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून उतरते. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेची चेन नेमकी त्याच वाटेवर असते. वरून आलेले पाणी कव्हरच्या तळाशी वाटीसारखे साचते आणि बॅग त्यात बसते. तळाला निचऱ्याचे भोक नसेल तर एक आयलेट, म्हणजे धातूची कडी असलेले भोक, बसवून घ्यावे. कोणताही बॅगा दुरुस्त करणारा ते काम हातोहात करून देतो.

पाणी आत येऊ न देणारी पिशवी आतले पाणी बाहेरही जाऊ देत नाही, हे मात्र मला उशिरा कळले. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारच्या धबधब्याचे तुषार पुसलेला रुमाल मी कॅमेऱ्याजवळच ठेवून पिशवी वळी घालून बंद केली आणि ती तशीच तीन आठवडे कपाटात राहिली. लेन्सच्या आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली. २५ लिटरच्या बॅगेत ३० अंश सेल्सिअसला मावेल तेवढी सगळी वाफ असली, तरी तिचे वजन पाऊण ग्रॅमच्या आसपास भरते. चिंब रुमालात मात्र ४०-५० ग्रॅम पाणी सहज असते. कोंडलेल्या हवेपेक्षा असा ओला रुमाल, ओला पट्टा, ओली टोपी यांचाच धोका मोठा. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढू लागते आणि तिचे आम्लयुक्त स्राव भिंगावरचा लेप कायमचा खातात.

वातानुकूलित गाडीतून अजिंठ्याला उतरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: कॅमेरा काढताच भिंग धूसर होते. बाहेरची हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, २४ अंशांच्या आसपास येतो; गाडीत २२ अंशांपर्यंत गार झालेल्या काचेवर तिने दव सोडणे भागच आहे. त्या वेळी पुसत बसू नये. बंद पिशवी इथे खरी उपयोगी पडते, कारण उपकरण तिच्यातच बाहेरच्या तापमानाला आले तर दव पिशवीच्या पृष्ठभागावर जमते, भिंगावर नाही. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून लेण्यांकडे जाणारी बस मिळेपर्यंत आणि पुढे पायऱ्या चढेपर्यंत तेवढा वेळ आपोआप जातो.

पिशवीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवायची असेल तर नारिंगी मण्यांची घ्यावी. जुन्या निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे. ओलावा घेऊन मण्यांचा रंग बदलला की ते ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवून, गार होण्याआधीच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. उघड्या ताटात गार करायला ठेवले, तर आषाढातल्या हवेत ते कॅमेऱ्याजवळ पोहोचण्यापूर्वीच ओलावा ओढायला सुरुवात करतात.