फुलांना थंडी कळते, तशी रात्रही

थंड प्रदेशात बाग करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, हे झाड थंडीत तगेल का? हंगामी फुलझाडांच्या बाबतीत तो अर्धाच प्रश्न आहे.

तगण्याचं आधी पाहू. हिमतुषार पडलेल्या सकाळी पॅन्सीचा वाफा पाहिला तर झाडं गेलीच असं वाटतं. पानं काचेसारखी कडक होऊन जमिनीला टेकलेली असतात. ऊन चढलं की तीच झाडं मान वर काढतात. बर्फ झालेला असतो, पण पेशींच्या आत नव्हे, पेशींमधल्या पोकळीत. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर खेचून घेतो आणि आत उरतो साखरेचा दाट पाक, जो सहजी गोठत नाही. झिनियाला हे जमत नाही. तिच्या पेशींची आवरणं फाटतात आणि दुपारपर्यंत पानं काळी, लिबलिबीत होतात. पॅन्सीलाही ही तयारी आयती मिळत नाही. घरात उबेत वाढलेली रोपं आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून काटक करावी लागतात, तेव्हा कुठे पेशींत साखर साठते.

आता उरलेला अर्धा प्रश्न: तिथल्या लांब दिवसांत आणि छोट्या रात्रींत झाड वेळेवर फुलेल का? अलास्कातलं फेअरबँक्स उत्तर अक्षांश ६५ च्या जवळ आहे. रोपं बाहेर लावायची ती जूनच्या सुमारास आणि सप्टेंबरात खेळ आटोपतो. पण जूनमध्ये तिथे दिवस जवळपास २२ तासांचा! तिथल्या विद्यापीठाच्या जॉर्जसन वनस्पती उद्यानात हंगामी फुलांच्या जाती लावून पारखल्या जातात. अशा उजेडात पेटुनिया आणि स्नॅपड्रॅगन जोमाने फुलतात, कारण दिवस मोठा असला की त्यांना कळ्या लवकर धरतात. कॉसमॉसचं मात्र उलट. त्याला लांब रात्र हवी. ती मिळेपर्यंत तो नुसता पाला वाढवत राहतो. ऑगस्टात रात्री वाढतात, कळ्या येतात, आणि पाठोपाठ हिमतुषार. झाड थंडीने मरतं हे खरं, पण हंगाम आधीच वाया गेलेला असतो.

झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात हे १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांची तंबाखूची एक जात उन्हाळाभर वाढायची, पण फुलायची नाही. रोज काही तास अंधारात ठेवल्यावर ती फुलली.

झेंडूतही हा भेद आहे, आणि बियांच्या पाकिटावर तो क्वचितच लिहिलेला असतो. बुटका फ्रेंच झेंडू दिवसाच्या लांबीची पर्वा करत नाही. मोठ्या गोंड्यांचा आफ्रिकन झेंडू लांब दिवसांत उशिरा फुलतो. थंड बागेसाठी मी डोळे झाकून पहिला घेईन. कॅलेंडुला, अ‍ॅलिसम, कॅलिफोर्निया पॉपी यांचं बी थेट वाफ्यात टाकलं तरी चालतं. पेटुनियाचं बी मात्र लावणीच्या दहा-बारा आठवडे आधी घरात पेरायला हवं.

थंडी फुलांना काही देतेही. गार रात्रींत अनेक फुलांमध्ये अँथोसायनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि लाल-जांभळे रंग गडद होतात. फूलही जास्त दिवस टिकतं.

आफ्रिकन झेंडूच हवा असेल तर वाट आहे. रोपं घरात असतानाच काही आठवडे रोज संध्याकाळी ट्रेवर काळं कापड टाकायचं आणि सकाळी उशिरा काढायचं, म्हणजे रात्र तेरा-चौदा तासांची होते. कळ्या धरलेली रोपं मग बाहेर लावली की उजाडलेल्या रात्रींतही ती फुलतात.