पाणी वर चढवणारी शिडी

सप्टेंबर 1940 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर अशा काही टॅक्स्या धावत होत्या, ज्यांत प्रवासी नव्हते. टपावर शिडी बांधलेली, आत होजची, म्हणजे पाण्याच्या लवचीक नळ्यांची भेंडोळी आणि दाटीवाटीने बसलेले जवान, मागे दोन चाकांचा पंप. 7 सप्टेंबरला जर्मन विमानांनी शहरावर मोठा हल्ला केला आणि पुढचे जवळजवळ दोन महिने रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत राहिले. नेहमीचे बंब अपुरे पडणार हे सरकारने आधीच ओळखलं होतं. 1938 पासून सहायक अग्निशमन दलाची भरती सुरू झाली आणि पंप ओढण्यासाठी सुमारे दोन हजार टॅक्स्या भाड्याने घेतल्या गेल्या.

या व्यवस्थेचं मर्म पंप आणि गाडी वेगळी करण्यात होतं. मोठा बंब ढिगाऱ्यापाशी अडला की त्याचा पंपही तिथेच अडतो. गाडीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलर पंपाला स्वतःचं इंजिन असे. गाडीपासून सोडवून जवान तो हाताने ढकलत पुढे नेत, आणि मोठ्या आकाराचा ट्रेलर पंप मिनिटाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी फेकू शके. असे पंप बनवणाऱ्यांपैकी एक कंपनी होती कॉव्हेंट्री क्लायमॅक्स. युद्धानंतर तिने आणखी हलक्या पंपासाठी जे इंजिन घडवलं, त्याचाच सुधारित अवतार 1954 मध्ये ल मांच्या मोटार शर्यतीत उतरला.

शिड्यांची गोष्ट मात्र याहून खोल आहे. ब्रिटनमधल्या पुष्कळ बंबांवर मोठ्या लाकडी चाकांची, सुमारे 15 मीटर उंचीची शिडी असे. ती भिंतीला टेकवावी लागे. अडकलेली माणसं उतरवायला उत्तम, पण भिंतच ढासळत असेल तर निरुपयोगी. टर्नटेबल शिडीला भिंतीची गरज नव्हती. गाडीच्या मागच्या भागावरच्या फिरत्या चकतीवर ती उभी राही, एकातून एक सरकत्या पोलादी टप्प्यांनी 30 मीटरपर्यंत वाढे आणि कुठल्याही दिशेला वळे. लंडनमधल्या अशा काही शिड्या लेलँडच्या गाड्यांवर बसवलेल्या, पण जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या मेट्झ कारखान्यात घडलेल्या होत्या. जर्मन बॉम्बांनी पेटलेलं शहर जर्मन शिड्यांनीही विझवलं जात होतं.

गोदामांच्या वरच्या मजल्यांवर आग भडकली की टर्नटेबल शिडी हा पाण्याचा मनोराच होई. टोकाला नोझल, म्हणजे फवाऱ्याचं निमुळतं तोंड, तिथे पट्ट्याने स्वतःला अडकवून उभा असलेला एक जवान आणि खालून आलेली होज. पाणी दर 10 मीटर चढवायला साधारण 1 बार (म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) दाब खर्ची पडतो. म्हणजे 30 मीटर उंचीवर 7 बार दाबाचा फवारा हवा असेल, तर पंपाला किमान 10 बार दाब द्यावा लागतो. होजमधल्या घर्षणाचं नुकसान त्यावर वेगळं. शिवाय फवाऱ्याचा उलटा रेटा असतो. 28 मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून 7 बार दाबाने पाणी सुटलं, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 37 मीटर होतो आणि नोझल जवळपास 85 किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटली जाते. हा रेटा 30 मीटर लांब तरफेच्या टोकावर! फवारा आडवा वळवला की शिडी पिळली जाते, गाडी कलंडू पाहते. म्हणून चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी जॅकचे टेकू देत आणि शिडीचा कोन व लांबी यांची सुरक्षित मर्यादा खालचा चालक सतत पाहत राही. वरच्या जवानाला मात्र विमानं घिरट्या घालत असतानाही पटकन खाली येण्याची सोय नव्हती. त्याच्या धैर्याची बरोबरी कशाशी करावी, मला सुचत नाही.

29 डिसेंबर 1940 च्या रात्री पाणीच संपलं. लंडनच्या जुन्या व्यापारी भागावर आगलावे बॉम्ब बरसले, जलवाहिन्या फुटल्या आणि नेमकी टेम्स नदीला मोठी ओहोटी होती. पंप पाणी ओढतो म्हणजे नळीतली हवा काढून घेतो. पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हा दाब पाण्याचा जेमतेम 10.3 मीटर उंच स्तंभ पेलतो, आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे काही मिळत नाही. इंजिन कितीही ताकदीचं आणा, ही मर्यादा हलत नाही. काठावरचे पंप असून नसल्यासारखे झाले आणि जवानांना चिखलातून पाण्यापर्यंत जावं लागलं.

यानंतर उपाय वेगाने झाले. रस्त्यांच्या कडेने पोलादी पाइप टाकले, पडक्या इमारतींच्या तळघरांचे हौद केले. ऑगस्ट 1941 मध्ये गावोगावची शेकडो दलं एका राष्ट्रीय अग्निशमन सेवेत आली. तोवर दुसऱ्या गावाहून मदतीला आलेल्या बंबाची होज इथल्या नळाला बसेलच याचीही खात्री नसे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 ला अडचण अगदी उलटी होती. पाणी मुबलक होतं. 'फोर्ट स्टिकीन' जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. पोटात पेटलेल्या आगीवर 900 टनांहून जास्त पाणी ओतूनही दाट धुरात तिचा उगम सापडला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी 14 एप्रिललाच सुरू होतो, तो त्यांच्यामुळे.